गाडी उषाताईंची

हैदराबादेतल्या आमच्या नल्लकुंट्यात उषाताई उमरीकरांच्या गाडीला लोक अजून ‘वकीलसाबांची गाडी’ म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. वकीलसाब म्हणजे ताईंचे यजमान, कैलासवासी यशवंतराव. कायद्याचे मोठे पंडित, पण क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आयुष्यात एकदाच स्टिअरिंग हातात घेतलं, तर समोरच्या बंडीवाल्याची केळी रस्ताभर केली. ही पद्मिनी मोटार घेतली ती उषाताईंनी, शाळेच्या पगारातून, स्वतःच्या नावावर. चालवलीही त्यांनीच. सकाळी साहेबांना कोर्टात सोडायचं, मग मला आणि आणखी दोघी शिक्षिकांना घेऊन शाळा गाठायची. सुलतान बाजारच्या गर्दीत, जिथे ऑटोवालेही देवाचं नाव घेतात, तिथे ही बाई खिडकीतून "हटो मियाँ, बाजू हटो" करत गाडी काढायची. आणि बघणारे म्हणायचे, वकीलसाबांची गाडी चालली!

यशवंतराव गेले, पाठोपाठ ताईंचं मनगट मोडलं, आणि गाडी अंगणात शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. मनगट पुढे बरं झालं, पण तोवर मुलगा केदार कारभारी होऊन बसला होता. तो राहतो गच्चीबावलीला, मोठ्या कंपनीत आहे. आईला कुठे जायचं असेल तर तिकडून फोनवर टॅक्सी मागवून देतो. सगळे म्हणतात, किती गुणी मुलगा! टॅक्सी मागवण्याआधी हा गुणी मुलगा काय विचारतो, ते कुणी ऐकत नाही. "कशाला जायचंय?" आबिड्सच्या बाजारात जायचंय. कशाला? ब्लाऊजचं अस्तर आणायचंय. ते घरपोच मिळतं, मग जायचं कशाला? अख्ख्या मोहल्ल्यातल्या मुलींना गणित शिकवलेली बाई सत्तरी ओलांडल्यावर अस्तराचा खुलासा देत बसते, याचा मला संताप येतो.

"अगं, मला कधी नुसतंच जायचं असतंय," एकदा त्या मला म्हणाल्या. "टँक बंडला गाडी लावायची, पाणी बघायचं अन् परत यायचं. त्याला कारण कायकू लागतंय?"

म्हणून त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. विद्यानगरचा मेकॅनिक अप्पाराव येऊन बघून गेला. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला, टायरना भेगा, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, ब्रेक गंजून घट्ट बसलेले. पण प्लग काढून, आत तेल सोडून त्याने हाताने इंजिन फिरवलं तर ते फिरलं. "इंजिन अच्छा है अम्मा," तो म्हणाला, "बाकी सब हो जाता." ताईंना कोण आनंद झाला! डॉक्टरांचा दाखला आणून त्यांनी लायसन्स नवं करून घेतलं आणि रोज माझ्या ओट्यावर बसून, गप्पा मारता मारता, मनगटात जोर यावा म्हणून रबरी चेंडू दाबायला लागल्या.

तेवढ्यात केदारला कळलं. मला वाटलं, आता कशाला-पुराण सुरू. पण पठ्ठ्या म्हणाला, "आई, तू कशाला धावपळ करतेस? मीच करून देतो की गाडी." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी गॅरेजला गेली. ताईंनी अप्पारावला फोन केला की तो म्हणायचा, "परसों, अम्मा." हैदराबादेत परसों म्हणजे गेल्या जन्मापासून पुढच्या जन्मापर्यंत कुठलाही दिवस, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गाडी आली ती यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, लॉरीवर चढून.

"चालवत का नाही आणली?" ताईंनी विचारलं.

"नवा रंग आहे आई. रस्त्यात खडे उडतात," केदार म्हणाला.

रंग झकास होता, ते मान्य. पण बॉनेटवर यशवंतरावांचा फोटो, त्याला हार, आणि खाली पितळी पाटी: ‘बाबांची गाडी. त्यांच्या स्मरणार्थ.’ माझं टाळकंच सरकलं. मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझा हात दाबला. "असू दे. चालली म्हंजे झालं."

त्या पदर खोचून आत बसल्या आणि किल्ली फिरवली. दिवे लागले. हॉर्नही वाजला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन मात्र हूं की चूं करेना. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. सत्काराला बोलावलेला अप्पाराव मान खाली घालून उभा होता. ताई उतरल्या, हारासकट फोटो उचलून माझ्या हातात दिला आणि बॉनेट उघडलं. आत स्वच्छ, काळा रंग दिलेली रिकामी जागा होती.

"इंजिन किधर है, अप्पाराव?"

"गॅरेज में है अम्मा. साब बोले निकालो, निकाल दिया."

"और ब्रेक? ब्रेक बनाए?"

"नहीं अम्मा. खडी रहने की गाडी को ब्रेक कायकू?"

केदार हसत पुढे आला. "आई, या वयात तू त्या ट्रॅफिकमध्ये जाणार? तुझ्या काळजीपोटीच केलं ना! गाडी डोळ्यांसमोर राहील, बाबांची आठवण राहील. अजून काय पाहिजे?" यावर दोन-चार पाहुण्यांनी चक्क माना डोलावल्या. त्या माना मी जन्मात विसरणार नाही.

उषाताई ओरडल्या नाहीत. "काळजी असती तर तू ब्रेक नवे घातले असतेस, केदार," त्या म्हणाल्या. "तू इंजिन काढलंस."

लॉरीवाला कोपऱ्यात जेवत होता. ताई त्याच्याकडे गेल्या. "आराम से खाओ भाई. बाद में गाडी वापस चढाओ, गॅरेज को जाना है." मग अप्पारावला त्यांनी बजावलं, की आधी ब्रेक, मग इंजिन, आणि काम होईस्तोवर आपण स्वतः रोज तिथे स्टूल टाकून बसणार. त्याने मुकाट्याने मान हलवली. गाडी चढली, दोर आवळले, आणि पाठोपाठ ताई रेशमी पातळ सावरत लॉरीवाल्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

केदार फाटकापर्यंत धावला. लॉरी वळून दिसेनाशी झाली तसा तो माझ्यावरच उखडला. "काकू, तुम्ही तरी थांबवायचं ना तिला! लोक जेवायला बसलेत. मी आता त्यांना काय सांगू?"

मी त्याच्या वडलांचा फोटो त्याच्या हातात ठेवला. म्हटलं, "सांग, गाडीची मालकीण आपली गाडी घेऊन गेली."