मे महिन्यातला निखारा

मॅलाकी टूहीने आयुष्यात एकच वाटमारी केली, आणि तीही धड जमली नाही. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात जमीनदाराच्या कारभाऱ्याची बग्गी त्याने आणि फेलिम हेहिरने भर रस्त्यात अडवली, आणि आठवड्याच्या आत दोघेही पकडले गेले. वाटमारीला फाशी ठरलेली. ती टळून जन्मभराचं काळं पाणी झालं, म्हणजे जिवावरचं शेपटावर निभावलं. ऑस्ट्रेलियात दोघांना एकाच मालकाच्या मेंढ्या राखायला दिलं. डोंगरात दोन खोपटी, मधे ओढा. संध्याकाळी दोन काठांवरून ते एकमेकांना शिव्या घालत. नऊ वर्षं तीच त्यांची करमणूक.

सरकारदरबारी नाव दरोडेखोराचं, पण मॅलाकी मुळात भित्रा. भुताला भिणारा, पाद्र्याला भिणारा, मालकाला तर भिणाराच. त्यात त्या वर्षी भिण्यासारखं खरंच काही होतं. वागणूक चांगली असली तर कैद्याची बायको सरकार गावाहून फुकट आणून देई. मॅलाकीचा अर्ज मंजूर झाला होता, त्याची बायको ऑनोरा जहाजात बसली होती, आणि जहाज कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी असंच एक जहाज बुडालं होतं. मॅलाकी तेव्हापासून पाऊलसुद्धा जपून टाकत होता.

अशात मे महिन्याची पहिली तारीख आली. त्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची जुनी चाल. निखारा दाराबाहेर गेला की वर्षाचं दैव त्याच्यामागे जातं. दुपारपासून गारांचा पाऊस लागला होता. तिन्हीसांजेला फेलिम खोकत दारात उभा राहिला, नखशिखांत भिजलेला. ओढ्याचं पाणी शिरून त्याची चूल विझली होती. लाकडं माळ्यावर कोरडी होती, पण चकमकीचा कापूस भिजून चिखल झाला होता, आणि कोरडा कापूस मॅलाकीकडेही नव्हता. त्याने हातातलं लोखंडी भांडं पुढे केलं, आणि मग मागे घेतलं.

"आज पहिली तारीख ना रे?"

"हो," मॅलाकी म्हणाला. "तू इथेच बस की चुलीपाशी. रात्र काढ."

"आणि मेंढ्या? रानकुत्र्यांनी एक जरी नेली तरी पन्नास फटके. तुझी पाठ देशील का लेका?"

मॅलाकी भांड्याकडे बघत राहिला. "फेलिम, ती समुद्रावर आहे रे."

"ठाऊक आहे. मी मागितला का?" फेलिम हसला. "माझ्या आईनेही दिला नसता."

राग येतो तो इथे. मॅलाकीने त्याला चहा पाजला, रोटी दिली, अंगावरचं कोरडं घोंगडंसुद्धा काढून दिलं. घोंगड्याने दैव जात नव्हतं ना! ओढा ओलांडेपर्यंत तेही भिजून गेलं असणार.

पहाटे आभाळ उघडलं आणि कडक हिंव पडलं. उजाडल्यावर मॅलाकी भांड्यात निखारे घेऊन पलीकडे गेला. फेलिम मेंढवाड्याच्या दाराशी अंग चोरून बसला होता, लाकडासारखा ताठ. मेंढी एकही गेली नव्हती. मालकाने मोजून घेतल्या आणि समाधान झाल्याचं सांगितलं.

जूनअखेर ऑनोरा सुखरूप पोचली. मॅलाकीने पहिल्याच दुपारी, ती खांद्यावरचं बोचकं उतरवायच्या आत, तिला सगळं सांगून टाकलं. तिच्यासाठीच तर केलं होतं. ती "बरं केलंस" म्हणेल, एवढ्या आशेवर तो इतके दिवस अन्न गिळत होता. ऑनोराने ओढ्यापलीकडच्या खोपटाकडे पाहिलं.

"आपल्याकडे त्या दिवशी उन्हाळा लागतो, मॅलाकी," ती म्हणाली. "गुरं कुरणात सोडतात. विस्तव नाही मिळाला तर माणूस चार शिव्या देतो आणि घरी जातो, मरत नाही. इथे तर तेव्हा हिवाळा लागतो. नऊ वर्षांत तुला हे कळलं नाही?"

मॅलाकीने तिचं बोचकं उतरवून घेतलं.

"कळलं होतं," तो म्हणाला.