शून्य पॉइंट एक

पुण्यात आयटीत होतो म्हटल्यावर तुम्हाला काचेची बिल्डिंग, गळ्यात पट्टा आणि थेट अमेरिका दिसली असेल. सॉरी. आमचं ऑफिस वारज्यात, खाली टायरचं दुकान, वर आम्ही. आणि गोष्ट आहे एका रकान्याची.

आमचं सॉफ्टवेअर कुरिअरवाल्यांसाठी होतं. पार्सलच्या 'स्थिती' या रकान्यात कोणी 'पोचलं' लिहायचं, कोणी 'दिलं वाटतं', एकाने तर 'बहुतेक गेलं'. म्हणून मी छोटीशी लायब्ररी लिहिली, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. डेटाबेसच्या मॉडेलला, म्हणजे माहितीच्या साच्याला, असा रकाना जोडायचा, जो ठरलेल्या चार शब्दांतलाच एक घेणार. पाचवा आला की हाकलणार.

माझ्या मशीनवर झकास चालायची. आता तिचं पॅकेज करायचं, म्हणजे कोणीही एका कमांडमध्ये आपल्याकडे घेईल. नव्या प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चाललं तर घेते. नाहीतर तू परत टेस्टिंगला."

टेस्टिंग म्हणजे दिवसभर बसून बटणं दाबायची. मला तर शाळेतही बाकावर टिकता यायचं नाही.

पॅकेज केलं, आवृत्ती ०.१, ऑफिसच्या सर्व्हरवर टाकलं. मॅडमनी कमांड दिली. मी मागे उभा, स्वारगेटच्या कंडक्टरच्या आवाजात, "चला, आत सरका, मागं जागा हाय!" सगळे हसले. मॅडम सोडून.

"आलं. पण आत काहीच नाही."

पॅकेजमध्ये काय काय भरायचं, त्या यादीत मी मेन फोल्डरच लिहिला नव्हता. माझ्या मशीनवर तो शेजारीच पडलेला, म्हणून कधी कळलंच नाही. दोन मिनिटांत नीट केलं. बदल केला की आवृत्तीचा आकडा वाढवायचा असतो. पण ०.२ दिसलं की सगळ्या ऑफिसला कळणार, पहिलं रिकामं होतं. मी जुनं पुसलं आणि नवंही ०.१ म्हणूनच टाकलं.

"मॅडम, आता बघा."

रिकामंच. परत बघितलं. रिकामंच. मी खाली जातोय, वर येतोय, टायरवाल्याला उगाच टायरचे भाव विचारतोय. शेवटी मॅडमनीच शोधून काढलं. त्यांच्या मशीनच्या मते ०.१ आधीच आलेलं होतं, मग ते नवं घेईल कशाला?

"अहो कलाकार, इकडे या जरा."

मॅडमनी 'अहो' म्हटलं म्हणजे मेलोच.

"रिकामं पाठवलंस, ठीक आहे, एकदा सगळेच पाठवतात. पण तोच आकडा लावून दुसरंच पाठवलंस, आणि मी दुपारभर माझ्या मशीनला शिव्या देत बसले. सोमवारपासून अख्खी टीम हे वापरणार, त्यांना काय सांगू, कुठलं ०.१ खरं? लाज वाटते तर चूक नीट कर, आकडा काय लपवतोस? जा, वाढव. आधीचं रिकामं होतं हे नव्या आकड्यासोबतच लिही. आणि दात काय काढतोयस? कौतुक नाही चाललंय तुझं!"