साडेपाचनंतर बंद

नागू ठोंबरे आमच्या कंपनीत मेहनती म्हणून ओळखला जायचा. कंपनी मोहोपाड्याच्या पुढे, रसायनांची. नाव घेत नाही, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. नागूच्या वडिलांची भातजमीन या कंपनीच्या कुंपणात गेली, त्या बदल्यात नागू चिकटला. आधी गोदामात पिंपं ढकलायला, मग बारावी पास म्हणून डिस्पॅचच्या टेबलावर. त्या टेबलावरून चलन निघाल्याशिवाय मालाचा ट्रक गेटबाहेर पडत नाही. चलन हाताने लिहायचे दिवस होते तोवर माणूस सुखात होता. मग कॉम्प्युटर आला आणि त्याचं सुख संपलं, पण हे आम्हाला कळायला पुष्कळ वर्षं जावी लागली.

तो आमच्यासारखाच जनरल शिफ्टचा, पण पहिल्या शिफ्टच्या बसने यायचा, आम्ही बाकीचे जनरलवाले अजून घरी चहा पीत असताना. संध्याकाळी आम्ही निघालो तरी हा खुर्चीतच. दुसऱ्या शिफ्टचा गजा त्याला रोज चिडवायचा, "नागूदादा, खाट आणून टाका आता हितंच." नागू हसायचा. दिवसभर तो ड्रायव्हरांशी बोलायचा, कागद लावायचा, प्रिंट काढायचा. कीबोर्डवर त्याचा हात चालताना मी कधी पाहिला नाही, आणि शेजारच्या टेबलावर बसून मला त्याचं नवलही वाटलं नाही. वर्धापनदिनी शाल-नारळ देऊन त्याचा सत्कारसुद्धा झाला.

मग हर्षला मॅडम आल्या. नेरळच्या, वयाने लहान, मनाने चांगल्या. चांगल्या मनाचा अधिकारी ऑफिसात आला की मला धडकीच भरते. त्यांनी फर्मान काढलं: ज्याने त्याने आपल्या शिफ्टच्या वेळेतच लॉगिन करायचं. जनरलवाल्यांचं सकाळी साडेआठला चालू, संध्याकाळी साडेपाचला बंद. पुढे पासवर्ड कितीही टाका, स्क्रीन आत घेणार नाही. सभेत त्यांनी नागूलाच उभं केलं. "काकांनी वेळेवर घरी जायला नको का? काकूंनाही नवरा दिसू दे!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. नागूनेही वाजवल्या.

पहिल्याच आठवड्यात गेटच्या आत ट्रकांची रांग लागली. ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून शिव्या द्यायला लागले. नागू घामाघूम होऊन स्क्रीनसमोर बसायचा आणि मागे कोणी उभं राहिलं की हात मांडीवर घ्यायचा. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा माणूस एका बोटाने टाइप करत होता. एकेक अक्षर शोधून, ओठ हलवत. सकाळी आमच्या आधी आणि संध्याकाळी आमच्यानंतर बसून तो पुढची चलनं अशीच टाइप करून ठेवत असणार, दिवसा नुसत्या प्रिंट काढायला. आम्ही इतकी वर्षं ज्याला मेहनत म्हणत होतो ती ही.

मी त्याला बाजूला घेतलं. "नागूदादा, मॅडमना सांगून टाका. परत गोदामात घेतील, त्यात काय?"

तो असा भडकला की मी दोन पावलं मागे सरलो. "काय सांगू? येवढी वरसां टेबलावर बसून मला येत नाय म्हनून? शाल घेतलीय रं मी! कालची पोरां हसतील माझ्यावर."

शेवटी त्याने गजाला गाठलं. गजाचं लॉगिन रात्रीपर्यंत चालायचं. गजाने पासवर्ड दिला, आणि वर चारचौघांत "नागूदादा, आता तरी घरी जा" म्हणून डोळे मिचकावायचा. ट्रक पुन्हा वेळेवर सुटू लागले. मग गजा भावाच्या लग्नासाठी रजेवर गेला आणि नागूला त्याचं भानच राहिलं नाही. रजेवरच्या माणसाच्या नावाने रोज संध्याकाळी चलनं बनत होती. आमच्यासारख्या कंपनीत याचा अर्थ एकच लावतात: माल चोरीला चाललाय.

चौकशीला मॅनेजर, सिक्युरिटीवाला, हर्षला मॅडम आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणून मी. रजेवरून परतलेल्या गजाने सरळ हात झटकले, म्हणाला पासवर्ड यांनी चोरून बघितला असेल. मॅडमना मात्र चोरीचं काही पटत नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. "काका, तुम्ही नुसती राहिलेली कामं करत होतात ना? मग सोपं आहे. एक चलन आमच्यासमोर टाइप करून दाखवा. बाकीचं मी सांभाळून घेते." त्यांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

मला राहवलं नाही. "साहेब, त्यांना टायपिंग जमत नाही. एवढीच भानगड आहे."

"खोटा बोलतो त्यो!" नागू ओरडला. त्याने बोट पुढे केलं, कीबोर्डवर धरलं. सिक्युरिटीवाला मान लांब करून बघायला लागला. नागूने हात मागे घेतला.

"माल मी इकला," तो म्हणाला. "लिवून घ्या."

कोणता माल, कोणाला, हे त्याला सांगता येईना. साठा तपासायची तसदी मॅनेजरने घेतली नाही. कबुली म्हणजे कबुली. त्याच दिवशी नागूला काढलं. पोलिसात दिलं नाही, ही मॅडमची दया. त्यांच्या दयेचा मला तिथेच संताप आला.

काही दिवसांनी त्याची बायको जना गेटवर आली आणि तिने मला बाहेर बोलावून घेतलं. "भाऊ, खरा सांगा. चोरीचा पैसा घरात तर आला नाय. रोज उशिरा यायचा ह्यो मानूस. बाई ठेवलीय ना त्यानं?"

मी तिला सगळं सांगितलं. एक बोट, साडेपाचचं बंद होणं, गजाचा पासवर्ड, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे अशा तिरस्काराने बघायला लागली की मीच मान खाली घातली.

"येवढ्यासाठी कोन सोताला चोर म्हनवून घेल?" ती म्हणाली. "तुमी पन त्याचेच दोस्त. तिचा नाव सांगा, मी जाते."

मी आत निघून आलो. ती मात्र दुसरी शिफ्ट लागेपर्यंत गेटवरच बसून होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बाईचं नाव विचारत.