कोरड्या डोळ्यांपायी गेलेला कल्ला

माझे डोळे कोरडे आहेत. हे सांगताना बहुतेक वेळा माझ्या गालांवरून पाणी ओघळत असतं, त्यामुळे कुणी विश्वास ठेवत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचो. (पंचतारांकित म्हटल्यावर आत्याला बरेच दिवस मी हॉटेलात आहे असंच वाटत होतं.) दिवसभर तोंडावर एसीचा झोत, नजर पडद्यावर, आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून हायवेचा वारा खात कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, आणि जरा वारा लागला की धो धो पाणी!

बाकी माझं बरं चाललं होतं. अभिमान बाळगावा असे माझे कल्ले होते. कानापासून निघून, गालावर ऐसपैस पसरून थेट मिशीला जाऊन भिडणारे. न्हावीसुद्धा त्यांना हात लावताना जरा दबकूनच असायचा.

अशात आत्यानं माझं लग्न मनावर घेतलं. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातले बाकीचे नुसते चपला घालून तयार राहायचे. पहिलं स्थळ गडहिंग्लजचं निघालं. मुलगी पोह्यांची बशी घेऊन आली आणि त्याच वेळी कुणीतरी कौतुकानं टेबलफॅन माझ्याकडे वळवला. झालं! मी मुलीकडे पाहिलं आणि डोळ्यांना धार लागली. माझा रुमाल भिजला. दादांचा भिजला. मुलीचे आजोबा कळवळून म्हणाले, "पावणं, नको असंल तर नको म्हणा की. रडायलाय कशापायी?"

"पोह्यात मिरची जरा जास्त पडल्या वाटतं," आत्यानं सावरून घेतलं. पोहे मुलीनंच केले होते. ती उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोराचं दुसरीकडं कुठंतरी हाय, जबरदस्ती करू नका.

"कुठं हाय रं?" दादांनी विचारलं.

"कुठंच न्हाय, दादा."

"एवढं कल्लं ठेवून कुठंच न्हाय?" दादांना याचंच जास्त वाईट वाटलं.

शेवटी दादा मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पापणीच्या कडेला कागदाची बारीक पट्टी अडकवली, औषधाचा थेंब घालून दिव्याखाली पाहिलं, पापण्या दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्यांचे डोळे कोरडे आहेत."

"ओ डॉक्टर," दादा खुर्चीतून उठलेच, "पोरगं गळ्यापतुर भिजतंय आन तुम्ही कोरडं म्हणताय?"

"त्याचंच कारण सांगतो. बसा. डोळ्यातल्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. ते तेल पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. ह्यांच्या ग्रंथी तुंबल्यात. तेल नाही, म्हणून पाणी लगेच उडून जातं. डोळा कोरडा पडून चुरचुरतो, मग शरीर घाबरून एकदम पाणी सोडतं. ते नुसतंच पाणी. ते टिकत नाही."

दादा विचारात पडले. "म्हंजे रस्सा हाय, पर वर तर्री न्हाय."

"अगदी तसंच!" डॉक्टर म्हणाले. (ते कोल्हापूरचेच होते.)

त्यांनी थेंब लिहून दिले, कोमट पाण्याच्या फडक्यानं पापण्या शेकायला सांगितलं आणि कॉम्प्युटरपुढे मुद्दाम पूर्ण पापण्या मिटायला सांगितल्या. 'कोमट' हा शब्द आत्याला मान्य नव्हता. तिनं तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी माझ्या डोळ्यांवर ठेवली. पुढचे दोन दिवस माझ्या पापण्या भज्यांसारख्या फुगल्या होत्या.

पुन्हा डॉक्टर. त्यांनी आधी आत्याला झापलं, मग म्हणाले, "एक नवीन उपाय आहे. परदेशात काही डॉक्टर करायला लागलेत. त्वचेच्या दवाखान्यात प्रकाशाचे झटके देणारं मशीन असतं. तो प्रकाश डोळ्याखालच्या कातडीवर दिला की तिथली सूज उतरते आणि ग्रंथी मोकळ्या व्हायला मदत होते, असं दिसतंय. सगळ्यांनाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. तीन-चार वेळा जावं लागेल. आणि एक सांगतो, नको असलेले केस काढायलाही हेच मशीन वापरतात, तेव्हा..."

पण दादा 'गुण' या शब्दापाशीच उठून चपला शोधायला गेले होते. आणि खरं सांगायचं तर मीही.

त्वचेच्या दवाखान्यात मला आडवं केलं. डोळ्यांवर जाड झाकणं बसवली, गालांवर गार गार जेल थापलं. मला काही दिसेना. दादा "मी हितंच बसतो" म्हणून खोलीतच स्टूल ओढून बसले. मशीनवर नवीन आलेली एक मुलगी होती. तिनं अदबीनं विचारलं, "सर, कल्ल्याच्या अलीकडं थांबू का कानापर्यंत घेऊ?"

मी तोंड उघडायच्या आत दादांचा आवाज आला. "कानापतुर घ्या की! आलोयच तर कमी कशापायी?"

फट्! झाकणांच्या आतसुद्धा वीज चमकली. गालावर रबर ताणून मारल्यासारखं झालं. फट्! फट्! उजवा डोळा, उजवा गाल, उजवा कान. मग खोलीत वास पसरला.

"कुणाच्यात कोंबडी भाजायल्यात?" दादा म्हणाले.

मी ताडकन उठून बसलो. तेवढ्यात त्वचेचे डॉक्टर धावत आले. त्यांनी त्या मुलीला झापलं, दादांना बाहेर काढलं आणि डाव्या बाजूचा कल्ला नीट झाकून राहिलेलं काम स्वतः केलं. उजव्या कल्ल्याकडे पाहून ते फक्त "हं" म्हणाले. तो जागच्या जागी होता, जरा करपलेला. मी आरशात बघून निर्धास्त झालो. केस लगेच जात नाहीत, मागाहून गळतात, हे मला कोण सांगणार? (ते सांगत होते. मी कल्ला कुरवाळत होतो.)

पुढच्याच आठवड्यात दुसरं स्थळ, वारणानगरचं. मुलगी सुजाता, तिथल्या शाळेत शिक्षिका. तिचा फोटो पाहिल्यापासून मी जेवताना गप्प असायचो. काहीही होवो, या घरात रडायचं नाही, असं मी ठरवलं.

कॉलनीतल्या त्या घरात दादांनी खणखणीत जयभीम घातला. चहा आला. सुजाता समोर येऊन बसली. मी डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि मुद्दाम पापण्या मिटायला सुरुवात केली. मिट, उघड. मिट, उघड. डोळे कोरडे ठणठणीत! मी खूश. पण उजव्या बाजूचा गाल अजून जरा आखडलेला होता, त्यामुळे दोन्ही पापण्या बरोबरीनं मिटत नव्हत्या. डावी मिटायची, उजवी नुसतीच थरथरायची.

सुजाताच्या मावशीनं बराच वेळ पाहिलं आणि कप खाली ठेवला. "अगं बया! पावणं डोळा मारायलंय!"

सुजाताचे वडील उभे राहिले. चांगले उंच होते.

"तसं न्हाय!" दादा ओरडले. "त्याच्या डोळ्यात तर्री न्हाय!"

याचा अर्थ कुणालाच लागला नाही. मला दरदरून घाम फुटला. मी रुमाल काढून उजव्या गालावरून जोरात फिरवला आणि खाली पाहिलं. रुमालात माझा कल्ला होता. अख्खा नव्हे, पण ओळख पटण्याइतका.

मावशी दोन पावलं मागं सरकली. "ह्येला काय झालंय म्हणायचं?"

तेव्हा माझ्या डोळ्यांनीही हात टेकले. डावा, उजवा, दोन्ही वाहायला लागले. आत्या चपला शोधत होती. एवढ्यात खळखळून हसू ऐकू आलं. सुजाता पोट धरून हसत होती. हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बाबा, थांबा. मी बोलतो की ह्यांच्याशी." (आमच्याकडच्या मुली 'बोलते' नाही, 'बोलतो'च म्हणतात. मला तर त्यातच सगळं आलं.)

परसात पेरूच्या झाडाखाली मी तिला सगळं सांगितलं. तेलाचा थर, मशीन, कानापतुर.

"रडता, डोळा मारता, केस गळतात," ती म्हणाली. "आणि काय राहिलंय?"

"घोरतो."

"बरं. पण तो राहिलेला कल्ला काढून या. एका बाजूचं बघून मान वाकडी व्हायला लागल्या."

मी त्याच संध्याकाळी डावा कल्ला काढला, त्याच्या आधारानं उभी असलेली मिशीही गेली. लग्न ठरलं. पुढच्या खेपा मी दादांना घरी ठेवून केल्या आणि डोळ्यांना बराच आराम पडला. थेंब अजून घालतो. मिशी परत आली, उजवा कल्ला मात्र पुन्हा धड उगवला नाही.

लग्नाचा अल्बम आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा बघतो. सुजाता ऐटीत उभी आहे, आणि शेजारी सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत मी. परवाच शेजारच्या काकूंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण गं? धाकटा भाऊ काय तुझा?"

"व्हय," सुजाता म्हणाली. "लग्नात मागं लागून आला, तो अजून घरी गेलाच न्हाय."