आखाजीला आलेली फियाट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात. पण आपली आपण जायचं नसतं. न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. कुणाचा मुराळी कसा आला, हे सगळी गल्ली बघते. माझा भाऊ दरवर्षी एसटीने यायचा. धाकट्या जावेचा भाऊ दोंडाईच्याचा धान्याचा व्यापारी. ऐंशीनंतरच्या एका आखाजीला तो फियाट घेऊन आला.

आमचं सासर भडगावजवळचं खेडं. जीप यायची, ट्रॅक्टर यायचा, पण अशी गाडी कुणाच्या दारी आली नव्हती. मुंबईच्या कुणाची तरी वापरलेली होती. रंग सायीसारखा. मागच्या दोन्ही कडा माशाच्या परासारख्या वर आलेल्या.

"आबा, मूळ इटलीनी गाडी शे," त्याने सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांना इटली ठाऊक नव्हती, तरी त्यांनी मान हलवली. एसटीने आलेला माझा भाऊही तिथेच ओट्यावर बसला होता. धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्याला दुसऱ्यांदा पाणी कुणी विचारलं नाही.

जावेला सोन्याचा हार मिळाला असता तरी मला इतकं झोंबलं नसतं. हार पेटीत राहतो, गाडी गावभर दिसते. कालपर्यंत जाऊ माझ्याबरोबर शेण थापत होती.

माझं माहेर धुळ्याच्या अलीकडे, तिच्या वाटेवरच. तिचा भाऊ म्हणाला, "अक्का, चला ना, एक जागा शे." माझा भाऊ म्हणाला, "जाय तू. मी सामान लिसन एसटीवर येस." मी लगेच हो म्हटलं. मला त्या गाडीतून माहेरच्या दारात उतरायचं होतं. तिथे सगळ्या बाया बघणार होत्या.

सासऱ्यांसमोर सुनांनी गाडीत बसायचं नाही, म्हणून आम्ही दोघी डोक्यावर पदर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत गाडीमागून चाललो. जाऊ धुरात खोकत होती. तेवढं मला बरं वाटलं. देवळाशी ती पुढे बसली, मी मागे पापडांच्या डब्यांशेजारी. सीट तव्यासारखी तापली होती.

"अक्का, दार धीरे लावा. घरनं किवाड नही ते," जाऊ म्हणाली.

मी दार हळू लावलं. वाटभर ती काच खाली करायची, वर करायची. मला माझी काच फिरवता येत नव्हती आणि तिला विचारायचं नव्हतं.

माझ्या माहेरच्या फाट्यावर गाडी थांबली. आतला रस्ता दगडांचा होता. गाडीचं पोट घासेल, म्हणून तिचा भाऊ आत येईना. जाऊ म्हणाली, "इतलंसं तर शे, अक्का, जाशात ना पायी?" मी उतरले. गाडी धुळ्याकडे गेली.

भर उन्हात मी एकटी चालत गावात शिरले. हातात पिशवी नाही, बरोबर मुराळी नाही. पहिल्याच दारातली काकू ओरडली, "एकलीच उनी?" मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती. आई दारातच उभी होती, तोंड उतरलेलं.

"भांडण करीसनी उनी का वं?"

"नाही. फियाटमधून आले."

"मंग गाडी कोठे शे?"

बाया हसल्या. एक म्हणाली, "विमानमां बसनी व्हती का?" आई रडायलाच लागली. माझ्या सासरी निरोप पाठवायचं निघालं.

दिवस मावळता भाऊ पेटी डोक्यावर घेऊन आला. त्याने सगळ्यांना सांगितलं, ही खरंच गाडीतून आली. काकूने त्याला ऐकवलं, "भाऊ बहिणीसारखंच बोलेल."

आखाजीचे सगळे दिवस, सणाला बांधलेल्या झोक्यावर बाया मला तेच विचारत होत्या, सासू मारते का म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं. दोंडाईच्याला जावेच्या माहेरी डांबर थेट दारापर्यंत होतं. ती दारात उतरली असणार. गाडीचं दारही तिला हवं तेवढं जोरात लावता आलं असणार.