कुसुमताईंचं फुग्यांचं पाणी

कुसुमताई गेल्याचं मला दुकानात कळलं. शहापूरला माझं औषधांचं दुकान आहे. त्या सकाळी शेणव्याकडची एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला आली आणि बाटली पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली, "पाड्यावरच्या अंगणवाडीच्या बाई गेल्या. परवा छातीत दुखाया लागलं, गाडी येईस्तोवर…"  समोरच्या गिऱ्हाइकाला मी दोनदा चुकीची गोळी काढून दिली आणि मग शटर अर्धं ओढून आत जाऊन बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

कुसुमताईंचं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. लग्न होऊन त्या शेणव्याला आल्या आणि तिथून पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका म्हणून लागल्या. रोज चालत जायच्या, चालत यायच्या. पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा रेतीच्या कामाला निघून जात, तेव्हा मागं राहिलेली पोरं त्यांच्याकडेच असत. आमची ओळख झाली ती एका वाईट दिवसामुळे. पाड्यावर कुंपणाला मोगली एरंड लावलेला होता. त्याचं पान देठापाशी मोडलं की चीक येतो, आणि तो चीक काडीच्या फासात धरून फुंकला की फुगे होतात. पाड्यावरच्या सगळ्या पोरांचा हा खेळ. एका दुपारी अंगणवाडी सुटल्यावर फुगे करता करता पाच पोरांनी त्याच झाडाच्या बिया फोडून खाल्ल्या. चवीला त्या शेंगदाण्यासारख्या लागतात. तासाभरात एकेक पोर ओकायला लागलं. कुसुमताईंनी जीप थांबवून सगळ्यांना शहापूरच्या दवाखान्यात आणलं. सलाइनसाठी लागणाऱ्या सुया न्यायला त्या माझ्या दुकानात धावत आल्या, तेव्हा त्यांच्या पदरावर ओकारी होती आणि एक चप्पल कुठेतरी राहिली होती.

पोरं वाचली. जना नावाची चार वर्षांची मुलगी मात्र तीन दिवस उठली नाही, आणि ते तीन दिवस कुसुमताईही तिच्या खाटेपासून हलल्या नाहीत. जनाचा बाप दवाखान्यातच त्यांना ओरडून बोलला, "तुमच्या भरवशावर पोरां टाकतो आमी, आन तुमी काय बघता?" अंगणवाडी तर केव्हाच सुटली होती, पण त्यांनी ते सांगितलं नाही. गावानं कुंपण तोडून जाळलं, कुसुमताईंनीच फुग्यांचा खेळ बंद केला आणि तिथेच सगळं संपलं असतं. पण पंधरा दिवसांनी कुसुमताई परत दुकानात आल्या. म्हणाल्या, "जना बरी झाली. पयल्याच दिवशी मला विचारते, बाई, आता फुगं कशाचं करायचं? तिला काय सांगू? फेस झाला पायजे, पण पोटात गेला तरी चालंल, डोळ्यात गेला तरी चालंल, असं काय हाय का तुमच्याकडं?"

असं काही नव्हतं. कपड्याच्या पावडरीचे फुगे होतात, पण डोळ्यांची आग होते. मी तान्ह्या मुलांचा शाम्पू सुचवला. तो डोळ्यांना झोंबत नाही, पण फुगा नळीवरून सुटायच्या आधीच फुटायचा. कोणीतरी म्हणालं रिठा घ्या, झाडाचा आहे. रिठ्यानं तर पावडरीहून जास्त झोंबलं. साखर घातली तर फुगे टिकायला लागले, पण मुंग्यांची रांग थेट खाऊच्या डब्यापर्यंत गेली. डिंकानं नळ्या बुजल्या. नळ्या पपईच्या देठाच्या, त्याही दर दिवशी नव्या कापायच्या. मी ग्लिसरीन दिलं. त्यानं फुगा धरायला लागला, पण उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात तोही टिकेना. जवळजवळ वर्षभर त्या दर बाजाराच्या दिवशी येऊन काय झालं ते सांगत. मी कंटाळले होते. एकदा म्हणूनही गेले, "कुसुमताई, पोरं दुसरं काही खेळतील." त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "खेळतील गो. पण हे मी त्यांच्याकडनं काढून घेतलंय."

उत्तर शेवटी त्यांनाच सापडलं. केसांना लावायला मेथी भिजत घातली होती. वाटीतून हात काढला तर बोटांमधून बुळबुळीत तार लोंबली, आणि ती तुटेना. त्यांनी ते पाणी फडक्यातून गाळलं, उकळून गार केलेल्या पाण्यात शाम्पू आणि थोडं ग्लिसरीन घालून त्यात मिसळलं. उन्हाळ्यात मेथी जास्त, पावसाळ्यात कमी. माझ्या हातात औषधशास्त्राची पदवी होती, आणि मला हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी त्या दुकानात बसल्याच नाहीत, सरळ मला रिक्षात घालून पाड्यावर घेऊन गेल्या. पोरं फुंकत होती, फुगे छपरावरून पलीकडे जात होते. "भाजीचा वास येतो," एक पोरगी नाक मुरडून म्हणाली आणि पुन्हा फुंकायला लागली. जनाचा बाप लांब उभा राहून बघत होता. मग जवळ आला, पोरीच्या हातातली नळी घेतली आणि स्वतः एक फुगा फुंकला.  दुसऱ्या दिवसापासून पपईची देठं तोच आणून देऊ लागला.

गेल्या आठवड्यात मी पाड्यावर गेले. पार्वतीबाई, तिथल्या मदतनीस, म्हणाल्या की बाई गेल्यापासून पाणी केलेलं नाही. मी शाम्पू आणि ग्लिसरीन नेलंच होतं, मी येणार म्हणून मेथी त्यांनी सकाळीच भिजवली होती. दोघींनी मिळून पातेल्यात पाणी तयार केलं. पोरं दारात जमली. मी पातेलं त्यांच्यापुढे ठेवायला वाकले, तर पार्वतीबाईंनी माझा हात धरला. "थांबा. बाई दर टायमाला पयलं आपल्या डोळ्यात घालायच्या. कवा चुकल्या नाय." इतक्या वर्षांत कुसुमताई मला हे बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर मी त्यांना चांगलंच झापलं असतं…

मी खाली बसले, मान मागे टाकली. पार्वतीबाईंनी बोटाच्या टोकावरून एक थेंब सोडला. मी डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"चुरचुरतंय का?"

"नाही."

"मग द्या पोरांना."