रूपासाठी जॉयस्टिक

कुठल्याही बिघाडाचं कारण ललितला विचारा, तो आधी म्हणणार, "व्होल्टेज कमी शे." पंखा रेंगाळतो, मोटार घुरघुरते, कूलर नुसताच गुणगुणतो, सगळ्यांवर त्याचं एकच निदान. जळगावच्या उन्हाळ्यात ते बहुतेक वेळा खरंही ठरतं, त्यामुळे ही सवय सुटायचं काही कारणच नव्हतं. पिंप्राळ्यात त्याचं कूलर आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस भला, पण डोक्यात एकदा काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर निघायचं नाही.

तरुणपणी याच दुकानात त्याने व्हिडिओ गेमची यंत्रं लावली होती. धाकटी बहीण रूपा शाळा सुटली की दप्तरासकट तिथेच यायची. गाड्यांची शर्यत हा तिचा आवडता खेळ. भाऊबहीण शेजारी शेजारी बसत आणि दर वेळी रूपाच जिंके. शेवटच्या वळणावर ललितची गाडी नेमकी कठड्यावर जाऊन आपटायची. मग हा कपाळावर हात मारून घ्यायचा आणि रूपा टाळ्या पिटायची. आपलं नाटक तिला कळतं की नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. पुढे मोबाइल आले, यंत्रं भंगारात गेली आणि रूपा पारोळ्याला सासरी गेली.

गेल्या वर्षी तिला नसांचा आजार झाला. पाय हळूहळू सावरले, हात मात्र मागे राहिले. डॉक्टर म्हणत होते, ताकद येते आहे, आता हात वापरा. पण भरला तांब्या दोन-चारदा चारचौघांत हातून निसटला की माणूस तांब्याला हात लावायचंच सोडतो. रूपाचं तसंच झालं. आल्यागेल्यासमोर ती उजवा हात पदराखाली घेऊन बसायची. फोनवर आईने तिला हातांचं विचारलं की ती पोरांच्या परीक्षेचं सांगायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी येणार होती. ललितच्या डोक्यात शिरलं, हिला खेळायला बसवायचं. खेळाच्या नादात तरी हात बाहेर येईल.

जुन्या जॉयस्टिकच्या आत बटणं असतात, ती दाबली जायला मनगटात जोर लागतो. म्हणून त्याने उजेडावर चालणाऱ्या दोन जॉयस्टिक मागवल्या. यांच्या आत एका बाजूला बारीकसा दिवा असतो. त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण समोर बसवलेल्या सेन्सरला दिसतो. दांडी जराशी कलली की तो उजेड अडतो आणि पडद्यावरची गाडी वळते. जोर नकोच, बोट टेकलं तरी भागतं. फक्त त्या दिव्याला पाच व्होल्ट द्यावे लागतात. ते यूएसबीच्या वायरीतून मिळाले. वेळ पडली तर असावी, म्हणून प्रत्येक जॉयस्टिकला वेगळ्या ॲडॉप्टरची पिनही त्याने ठेवली. प्लायवूडची पेटी केली, कडा घासून गुळगुळीत केल्या. दांडीभोवती एक प्लास्टिकची चकती होती, ती किंचित घासायची. रूपाला तेवढाही त्रास नको, म्हणून ती काढून टाकली आणि दांडीभोवतीचं पेटीचं भोक कानशीने मोठं केलं. दुकानात त्याने करंगळीने गाडी पळवून पाहिली आणि स्वतःवरच खूश झाला.

आखाजीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. चुलीवर खापर चढलेलं, मांडे चाललेले, अंगणात निंबाला झोका बांधलेला. म्हणून टीव्ही आणि खेळाचं यंत्र ओट्यावर ठेवलं, तिथून यूएसबीची लांब वायर ओढली आणि पेटी निंबाखाली बाजेवर मांडली. जेवणं, गप्पा, झोके होईपर्यंत दुपार कलली होती. ऊन तिरपं होऊन निंबाखाली शिरलं होतं आणि बाजेवर पसरलं होतं. त्याच्याकडे कोण बघतो!

सगळ्यांनी गळ घातली तेव्हा रूपाने हात पदराखालून काढला आणि दांडीवर ठेवला. खेळ सुरू झाला. वळण आलं. तिने दांडी कलवली, पण गाडी नाकासमोर जाऊन कठड्यावर आदळली. पुन्हा तेच झालं. ललित बाजूने तिच्यावर वाकला आणि त्याने एका बोटाने दांडी हलवली. गाडी वळली.

"देख, चालस ना!"

तो बाजूला झाला, रूपाने हलवली, गाडी कठड्यावर. तो वाकला की चालायची, रूपाच्या हातात आली की ढिम्म. झोक्यावरच्या बायका उतरून बाजेभोवती जमल्या. शेजारच्या मंदाबाई हळहळून म्हणाल्या, "राहू दे व माय. तिना हातमा जीव नही राह्यना."

रूपाने हात पदराखाली घेतला. ललितने घाईघाईने मीटर लावला. पाचापेक्षा थोडे कमी! लांब वायरीत तेवढे कमी होणारच, पण याला गुन्हेगार सापडला. "व्होल्टेज कमी शे," असं ओरडत तो घरात धावला आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर उपटून आणला. पिन बरोबर बसली. ॲडॉप्टर होता बारा व्होल्टचा, ते वाचायला डोकं ठिकाणावर हवं. करपल्याचा वास आला आणि रूपाची जॉयस्टिक त्याच्याही हातात चालेना.

"बस आते, भाऊ," रूपा म्हणाली आणि उठून आत गेली.

ललितने टीव्ही, यंत्र आणि पेटी उचलून मधल्या खोलीत नेली. दुसरी जॉयस्टिक शाबूत होती. अंधाऱ्या खोलीत ती दर वेळी चालली. नीट बघावं म्हणून तो पेटी दाराशी घेऊन आला, तशी ती बंद पडली. त्याने दांडीवर हाताची सावली धरली. चालली. हात काढला, ऊन भोकातून आत गेलं, पुन्हा बंद. उन्हामुळे सेन्सरला सतत उजेडच दिसत होता, दांडी कलल्याचं कळतच नव्हतं. तो वाकायचा तेव्हा त्याची सावली पडायची, एवढंच! चकती त्यानेच काढली होती. भोकही त्यानेच मोठं केलं होतं. बहिणीचा हात गेला, असं साऱ्या गल्लीला त्याच्याच शहाणपणाने दाखवलं होतं.

त्याने रूपाला सगळं सांगितलं. "तुना हातमा काहीच खोट नही. उन्हनी गडबड करी."

रूपा मायेने हसली. "भाऊ, तू लहानपणपाईन माले जितू देस. तुनी गाडी आपोआप धडके नही, माले माहीत शे. आज बी तसंच बोली राह्यना तू."

आयुष्यात प्रथमच तो तिच्याशी निव्वळ खरं बोलत होता आणि नेमकं तेच तिला पटत नव्हतं.

"एक डाव," तो म्हणाला. "मनाकरता, भाऊकरता."

त्याने दाराला चादर लावली. चांगली जॉयस्टिक तिच्यापुढे ठेवली आणि स्वतःसाठी भंगारातून वाचलेली दुकानातली जुनी, ताठ दांडीची काढली. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर रूपाची गाडी वळली. तिने चमकून हाताकडे पाहिलं, पण विश्वास बसला नाही. दुसऱ्या वळणाला बोटं थरथरली, तरी गाडी वळली. शेवटच्या वळणाशी दोघं बरोबरीने आले आणि जुन्या सवयीने ललितचं मनगट सैल पडू लागलं. आता मुद्दाम आपटलो तर हिला सगळंच नाटक वाटेल आणि ही कायमची पदराखाली हात घेऊन बसेल, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने दात आवळले आणि दांडी शेवटपर्यंत ओढून धरली. तो जिंकला.

चुलीपाशी बसलेली आई तिथूनच ओरडली, "लाज शे का तुले? आजारी बहीणले हरावस!"

ललितची मान वर होईना. रूपा मात्र हसली नाही, रडली नाही. ती दांडीवरच्या आपल्या हाताकडे बघत होती. हात थरथरत होता, पण तिथेच होता.

"खरोखर हारनी ना मी?" तिने विचारलं.

"खरोखर."

"मंग परत लाव."